पाण्याची घंटा

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना हसू आले असेल. निकाल, शिष्यवृत्ती, इंग्रजीची भीती, मोबाईलचे वेड असे वजनदार विषय असताना या मास्तरांनी ‘पाणी प्या’ हे सांगण्यासाठी व्यासपीठ अडवावे, हे काय? परंतु मंडळी, जी गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि तरीही घडत नाही, तिच्यावरच बोलण्याची खरी गरज असते.

शाळा सुटताना मुलांच्या दप्तराकडे पाहावे. आईने सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली पुष्कळदा तशीच भरलेली घरी जाते. मुलींच्या बाबतीत हे अधिक दिसते. दुपारच्या तासाला कोणी बाकावर डोके टेकते, कोणी ‘सर, डोके दुखते’ म्हणते. प्रत्येक वेळी त्याचे कारण पाणीच असते असे मी म्हणणार नाही. पण सकाळपासून किती पाणी प्यालीस, असे विचारले की उत्तर बहुधा खाली मान घालून मिळते.

आता शरीराचा हिशेब थोडक्यात पाहू. प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. आपली दोन मूत्रपिंडे मुठीएवढी असतात. पण दिवसभरात ती रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व परत शरीराला देऊन साधारण एक ते दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. पाणी कमी मिळाले की ती काटकसर करतात. लघवी थोडी, गडद आणि दाट होते. म्हणून आपण पुरेसे पाणी पितो की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही. लघवीचा रंग वाळल्या गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा असला की बरे, गडद पिवळा झाला की पाणी वाढवावे.

रोज आठ ग्लास पाणी प्यायलेच पाहिजे, असे सर्रास सांगितले जाते. हा आकडा काही दगडावरची रेघ नव्हे. अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने १९४५ मध्ये दिवसाला सुमारे अडीच लिटर पाण्याची गरज सांगितली होती; पण त्यातील बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळते, असेही तेथेच नमूद केले होते. लोकांनी पहिले वाक्य उचलले आणि दुसरे सोडून दिले! युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये दिलेले प्रमाण असे : प्रौढ पुरुषाला अडीच लिटर, स्त्रीला दोन लिटर, ९ ते १३ वर्षांच्या मुलाला २.१ लिटर आणि मुलीला १.९ लिटर. यात अन्नातले पाणीही धरले आहे. वरण, ताक, कलिंगड, इतकेच काय, चहासुद्धा या हिशेबात येतो. मात्र हे प्रमाण समशीतोष्ण हवेचे आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, उन्हात खेळणाऱ्या मुलाला आणि शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या त्याच्या वडिलांना यापेक्षा जास्त पाणी लागणार.

कोणी म्हणेल, तहान लागली की माणूस पाणी पितोच. मग सवय कशाला लावायची? निरोगी प्रौढ माणसाच्या बाबतीत तहान ही बरीच भरवशाची सूचना आहे, हे मान्य. पण म्हाताऱ्या माणसांची तहानेची जाणीव मंदावते. मूल खेळात रंगले की त्याला तहान जाणवत नाही, जाणवली तरी ते डाव सोडत नाही. आणि तिसरा वर्ग आहे जाणूनबुजून तहान मारणाऱ्यांचा. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण माझ्या व्याख्यानाचे खरे प्रयोजन तेच आहे.

पाण्याने लाभ होतो याला पुरावा आहे काय? आहे. इटलीत पहिल्यांदा मूतखडा झालेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षे अभ्यास झाला आणि तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना भरपूर पाणी पिण्यास सांगितले होते, त्यांच्यापैकी सुमारे १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला. इतरांत हेच प्रमाण २७ टक्के होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा आहे. ज्यांनी वर्षभर रोज दीड लिटर जादा पाणी प्यायले, त्यांना त्या वर्षात सरासरी १.७ वेळा हा त्रास झाला. ज्यांनी सवय बदलली नाही त्यांना ३.२ वेळा. औषधाची गोळी नाही, इंजेक्शन नाही, केवळ पाणी! मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाणी वाढवावे. आणि पैज लावून एकाच वेळी चार-पाच लिटर पिणे हा निव्वळ वेडेपणा. त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घसरून जीवही धोक्यात येतो. आपल्याकडे थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते येथेही खरे आहे.

मग ही सवय लागावी कशी? नुसत्या उपदेशाने सवय लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी गोष्ट निवडायला लावली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायला सांगितली. जसे न्याहारी झाली की एक ग्लास पाणी. ती गोष्ट आपोआप घडू लागण्यास किती दिवस लागतात, हे त्यांनी मोजले. २००९ मध्ये पुढे आलेले उत्तर असे : मध्यम प्रमाण ६६ दिवस, कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सारे फुकट गेले, असेही आढळले नाही. तेव्हा पालकांनी आठ दिवसांत निराश होऊ नये.

यातून घेण्यासारखी गोष्ट एकच. पाणी हे एखाद्या ठरलेल्या कामाच्या शेपटीला बांधावे. उठून तोंड धुतले की एक ग्लास. घरातून निघताना अर्धा. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवले की एक. जेवताना एक. संध्याकाळी अभ्यासाला बसताना तांब्या-भांडे शेजारी. माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लपलेला नसावा. येताजाता दिसेल आणि लहान मुलाचा हात पोचेल असा ठेवावा. पाणी गाळून, गरज असेल तेथे उकळून घ्यावे आणि माठात हात न बुडवता ओगराळ्याने काढावे. आजी-आजोबांना ‘पाणी हवे का?’ असे विचारू नये, कारण ते ‘नको’ म्हणतात. भांडे भरून हातात द्यावे. आणि घरात सर्वांना पाणी देणारी माउली स्वतः किती पिते, हेही कोणी पाहावे. रमजानच्या महिन्यात इफ्तारपासून सहेरीपर्यंतचे तास याच पद्धतीने वापरावेत. सहेरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत चार ग्लास रिचवण्यापेक्षा रात्रभरात थोडे थोडे पिणे शरीराला मानवते.

शाळेतही हेच तत्त्व लागू पडते. केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केली. ठरलेल्या वेळी घंटा होते आणि सर्व मुले एकदम बाटली काढून पाणी पितात. त्याच वर्षी कर्नाटक सरकारनेही ही कल्पना उचलली. तिचे मर्म असे की एकट्या मुलाला तासात बाटली काढायला संकोच वाटतो; सर्वांनी मिळून काढली की संकोच उरत नाही. खर्च शून्य. आपल्या शिपायाने दिवसातून तीन वेळा एक वेगळा टोल द्यावा आणि शिक्षकांनी खडू खाली ठेवून आधी स्वतः घोटभर प्यावे. मुले ऐकतात त्यापेक्षा पाहून अधिक शिकतात.

परंतु मंडळी, एवढ्याने भागणार नाही. आता त्या तिसऱ्या वर्गाविषयी बोलतो. साडेदहाला घर सोडणारी मुलगी साडेपाचला परतते. हे सात तास ती पाणी पीत नाही, कारण प्यायले तर जावे लागेल आणि जावे अशी जागा नाही. कित्येक शाळांत स्वच्छतागृह असते, पण दाराला कडी नसते; कडी असते तर नळाला पाणी नसते; दोन्ही असले तर कुलूप असते आणि किल्ली सापडत नाही. काही वर्गांत लघवीला जाण्याची परवानगी मागितली की सगळा वर्ग हसतो. मुलगी शहाणी असते. ती बोलत नाही. बाटली भरलेलीच ठेवते. आमच्या कित्येक शिक्षिका-भगिनीही हेच करतात. तिला ‘पाणी पी’ असे बजावणे म्हणजे वाट बंद करून ‘चाल’ म्हणण्यासारखे आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि सर्व मुलांना पुरेसे, सुरक्षित पिण्याचे पाणी ही शाळेची आवश्यक अंगे म्हणून सांगितली आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये सर्व शाळांत पाणी व स्वच्छतागृहांची सोय सहा महिन्यांत करण्याचे आदेश दिले होते. पण कायदा इमारत बांधून घेईल. रोज सकाळी ती धुतली जाते की नाही, हे आपणच पाहायचे आहे.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे. नव्या फर्निचरचा विचार करताना आधी प्रत्येक स्वच्छतागृहाला आतून कडी, भरलेली बादली, साबण आणि रोज दोनदा सफाई करणाऱ्या माणसाचा पगार, एवढी तरतूद करावी. मुख्याध्यापकांनी किल्लीचा प्रश्न कायमचा मिटवावा. शिक्षकांनी परवानगी मागणाऱ्या मुलाला ‘मधल्या सुट्टीत जा’ असे सांगू नये. पालकांनी रोज रात्री गुणपत्रिका पाहिल्याप्रमाणे बाटली उघडून पाहावी. भरलेली असेल तर रागावू नये, कारण विचारावे आणि ते आमच्यापर्यंत निःसंकोच पोचवावे. पालक सभेत फीबद्दल बोलता येते, तसे याबद्दलही बोलता आले पाहिजे.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. आपल्या मुलींना तर तहान लागलेलीच आहे आणि विहीरही दाराशी आहे. फक्त तिच्यापर्यंतची वाट मोकळी करायची आहे. पाण्याची घंटा वाजवायची ती ही वाट मोकळी करूनच. पुढच्या मेळाव्याला आपण भेटू तेव्हा निकालाच्या टक्केवारीबरोबर रिकाम्या बाटल्यांचीही मोजदाद अहवालात वाचायला मिळावी, अशी अपेक्षा व्यक्त करतो.