ओट्याची उंची आणि कायद्याचं माप



आज मला दोघांबद्दल बोलायचं आहे. एक व्हीलचेअरवर येणारं गिऱ्हाईक, आणि दुसरा दहा बाय दहाचं दुकान चालवणारा दुकानदार. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असं दुकान आहे आणि अनेकांच्या घरी दिव्यांग माणूसही आहे.

आधी कायदा पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्यातली ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोकांची ये-जा असलेली खाजगी, व्यापारी आणि धार्मिक इमारतही त्यात येते. म्हणजे दुकान आलं, दवाखाना आला, मशीदही आली. नियम जून २०१७ मध्ये निघाले. जुन्या इमारतींना पाच वर्षांची मुदत होती, तीही उलटून गेली. कायद्यात पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, नंतरच्या उल्लंघनाला ५०,००० ते ५ लाख. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सरकारला बजावलं की हे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, सक्तीचे नियम करा.

आता दुकानदाराची अडचण. रॅम्पचं माप असं आहे की एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. शहागंजच्या मागच्या एखाद्या गल्लीत ओटा दीड फुटाचा असेल, तर रॅम्प अठरा फुटांचा हवा. एवढी जागा आणायची कुठून? रस्त्यावर काढला तर ते अतिक्रमण ठरू शकतं. ही सबब नाही, खरी अडचण आहे.

पण म्हणून सगळंच सोडून द्यायचं का? या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. रॅम्प त्यातल्या काहींनाच लागतो. दारातली खोकी हलवणं, पायरीला कठडा लावणं, बाहेर घंटी बसवणं, ऐकू न येणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव लिहून दाखवणं, याला फारसा खर्च नाही. ‘वाजवी सोय’ म्हणजे अवाजवी भार न टाकता केलेला बदल, अशी व्याख्या कायद्यातच आहे.

उरलेला खर्च एकट्या दुकानदाराच्या माथी मारू नये. अमेरिकेत १९९० चा असाच कायदा आहे. तिथं लहान व्यावसायिकाला अशा कामाच्या खर्चापैकी साधारण निम्मी रक्कम, वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत, करात सवलत म्हणून मिळते. आपल्याकडे महापालिकेनं रस्ता आणि गटारीचं काम करतानाच दुकानांच्या पातळीचा विचार करावा, आणि सरकता रॅम्प ठेवणाऱ्याला मालमत्ता करात सूट द्यावी. ही मागणी दुकानदार आणि दिव्यांगांनी एकत्र मिळून केली पाहिजे. दोघांना एकमेकांसमोर उभं केलं तर दोघंही हरतील.

सुरुवात आपल्या मोहल्ल्यापासून करू. येत्या जुम्याला टेप घेऊन मशिदीत जा. पायऱ्या मोजा, वजूखान्याचं दार मोजा, व्हीलचेअर आत जाते का ते बघा. मग तोच कागद घेऊन बाजारात दुकानदारांकडे जाऊ आणि त्यांच्यासोबत महापालिकेत.