मोबाइलवर गाणे कसे उतरवावे
(ट्रस्टच्या ज्युबिली समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या या मंगल प्रसंगी आम्हांस जो विषय देण्यात आला आहे, तो ऐकून काहींस नवल वाटेल. तांबडे बटण दाबले की गाणे फोनवर उतरते. त्यासाठी व्याख्यान कशाला? परंतु आपल्या कुटुंबांच्या ग्रुपवर जी गाणी येतात, ती ऐकून पाहावीत. पंखा स्पष्ट ऐकू येतो, पेटी त्याहून स्पष्ट, आणि आजीचा आवाज मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखा. म्हणून हा विषय क्षुल्लक नाही, असे आमचे मत आहे.

आपल्या बडोद्याचेच उदाहरण घ्या. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली. त्यांनी स्वरलेखनाची पद्धत बसविली आणि सामान्य घरांतील मुलांस संगीताचे शिक्षण खुले केले. १८९६ साली ते निवर्तले. त्यांची लेखनपद्धती आपणांस ठाऊक आहे, पण त्यांचा आवाज आज कोणासही ऐकता येत नाही. त्यांचे नातू हजरत इनायत खाँ यांचा जन्म १८८२ साली याच शहरात झाला. १९०९ साली कलकत्त्यास त्यांच्या गायनाच्या तबकड्या निघाल्या, आणि त्यांचा आवाज आज शंभरांहून अधिक वर्षांनीही ऐकता येतो. आजोबा आणि नातू यांत अंतर एका यंत्राचे. दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ १९५० साली गेले. त्यांची गायकी नव्या पिढीस कळते तीही मुख्यत्वे तबकड्यांमुळेच.

त्या काळी गवयास भोंग्यासमोर उभे राहून सुमारे तीन मिनिटांत राग आटोपावा लागे. १९२५ नंतर विजेचा मायक्रोफोन आला आणि हलका स्वरही टिपला जाऊ लागला. आज त्याहून सरस यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती थोड्या शिस्तीची.

पहिली गोष्ट अंतराची. फोन गायकापासून दोन-तीन फुटांवर, छातीच्या उंचीवर असावा. अंतर दुप्पट केले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, परंतु खोलीतील घुमणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. विहिरीत गायल्याचा भास होतो तो यामुळे. पेटी आणि तबला यांस फोनपासून गायकाहून दूर बसवावे. बहुतेक फोनांचा मुख्य मायक्रोफोन खालच्या कडेस असतो. ती कड गायकाकडे करावी व बोटांनी झाकू नये. फोन हातात न धरता घडी केलेल्या टॉवेलावर किंवा स्टँडवर ठेवावा, म्हणजे टेबलाची थरथर त्यात उतरणार नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. उघड्या भिंतींच्या आणि लादीच्या दिवाणखान्यापेक्षा गाद्या, पडदे व कपड्यांची कपाटे असलेली खोली बरी. पंखा व फ्रिज तेवढ्यापुरते बंद करावेत, आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकावा; ऐन समेवर कोणाचा कॉल येऊ नये.

तिसरी गोष्ट फोनच्या स्वभावाची. फोन मुळात बोलण्यासाठी घडविलेला आहे. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, अशी त्याची समजूत असते; म्हणून तो कधी कधी तानपुऱ्यास पंखा समजून दाबून टाकतो. गायक थांबला की तो आवाज आपणहून वाढवितो, गायक तारसप्तकात गेला की खाली खेचतो. यासाठी ज्या ॲपमध्ये गोंगाट दाबण्याची व आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय बंद करता येते, ते वापरावे. आरंभी गायकास सर्वांत चढा स्वर लावावयास सांगून पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे करावे. आवाज शून्यावर आदळून फाटला, तर मागाहून तो सांधता येत नाही.

चौथी गोष्ट फाइलची. शक्य तर ती वेव्ह प्रकारात ठेवावी. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट व स्टिरिओ धरल्यास मिनिटास सुमारे ११ मेगाबाइट जागा लागते. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठविल्यास गाणे दाबून लहान केले जाते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास जसेच्या तसे पोहोचते. समाजमाध्यमावर हवे तर छोटा तुकडा घालावा, परंतु मूळ फाइल कधीही पुसू नये.

आता याहून महत्त्वाचे. गोहरजान यांनी १९०२ साली कलकत्त्यास गायन मुद्रित केले, तेव्हापासून त्या तबकडीच्या शेवटी आपले नाव पुकारीत. आपणही गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकले, एवढे गाण्यानंतर बोलून ठेवावे. पन्नास वर्षांनी फाइलीचे नाव कोणी बदललेले असेल. आवाजातले नाव बदलणार नाही.

आणि परवानगी. कोणाच्या घरी हळदीची गाणी आहेत, कोणाच्या घरी ओव्या व अभंग, आमच्यासारख्यांच्या घरी नात आणि लग्नगीते. यांतील कित्येक गाणी घरच्या बायकांनी घरच्या बायकांसाठी गायलेली असतात. ती मुद्रित करण्यास होकार देणारी वृद्धा ती जगापुढे मांडण्यास होकार देतेच असे नाही. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत, आणि दुसऱ्यास नकार आला तर तो निमूटपणे मानावा. गाणे घरात राहिले तरी ते राहिले. विश्वास गेला तर पुढचे गाणे कोणी गाणारच नाही.

शेवटी विश्वस्तांस एक विनंती. प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात : एक घरी, एक ट्रस्टच्या कार्यालयात, एक क्लाउडवर. २०१९ आणि २०२४ साली विश्वामित्रीचे पाणी कितीतरी घरांत शिरले, हे आपण पाहिलेच आहे. तेव्हा कार्यालयातील प्रत वरच्या मजल्यावर असावी. खर्च एका हार्ड डिस्कचा आहे. काम आपल्या शाळा-कॉलेजांतील मुले हौसेने करतील, आणि त्यांस शिकविण्याचे आम्ही पत्करतो.

शिष्यवृत्त्या व औषधोपचार यांतून ट्रस्टने माणसे उभी केली. त्या माणसांचे आवाजही जपावेत. ज्यांच्या कंठात ही गाणी आहेत, ती मंडळी आज आपल्यासमोर पुढच्या रांगेत बसलेली आहेत. पुढच्या समारंभाची वाट न पाहता या रविवारीच त्यांच्यासमोर फोन ठेवावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.