‘वय झालं’ म्हणण्याआधी



नानी एकच गोष्ट चारदा विचारू लागली, नमाजात रकात विसरू लागली, की आपण म्हणतो, ‘वय झालं.’ प्रत्येक वेळी ते नुसतं वय नसतं. कधी तो मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न असतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के. पण विसाव्यात असताना शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के एकटा मेंदू घेतो, आणि तो साठवून ठेवता येत नाही. वर्षानुवर्षं रक्तदाब चढलेला राहिला, जोडीला मधुमेह आणि तंबाखू असली, की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि ताठ होतात. रक्त कमी पोहोचतं. विचार मंदावतो, हिशेब चुकतो, कामाचा क्रम लागत नाही. त्यासाठी पक्षाघाताचा झटका यावाच लागतो असं नाही.

पण यावर काही करता येतं. 2019 साली अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांचा वरचा रक्तदाब 140ऐवजी 120च्या खाली आणायचं ठरवलं होतं, त्यांच्यात स्मृती-आकलनाच्या सौम्य बिघाडाचं प्रमाण 19 टक्क्यांनी कमी आढळलं. म्हणून कुणी मनानंच गोळ्या वाढवू नयेत. किती दाब मानवेल ते डॉक्टर ठरवतील. पण ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंदही करू नये. रमजानमध्ये वेळा बदलायच्या असतील, तर महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता आपल्या चळवळीचा मुद्दा. 2023च्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. टाळता येण्याजोग्या कारणांत ‘लॅन्सेट’ आयोग कमी शिक्षणही मोजतो. म्हणजे आज आपण सातवीत मुलीची शाळा सोडवतो, तेव्हा तिच्या सत्तरीतलाही एक आधार काढून घेतो. आणि जिला घराबाहेर मोकळेपणानं चालायलाही मिळत नाही, तिच्या रक्तवाहिन्यांना व्यायाम कुठून मिळणार?

माझी मागणी साधी आहे. मोहल्ल्याच्या प्रत्येक बैठकीत रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवा, आणि पहिला दंड आपल्या अम्मीचा, खालाचा असू द्या. त्यांनी आयुष्यभर सगळ्यांची औषधं लक्षात ठेवली. आता त्यांची गोळी आपण लक्षात ठेवू या.