हिंवाळ्यांतील दुग्धपुष्पें

इंग्लंडांतील हिंवाळा म्हटला कीं निष्पर्ण वृक्ष आणि दाट धुकें आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु त्याच ऋतूंत तेथील कित्येक मोठ्या उद्यानांत फुलांचा उत्सव सुरू होतो. ग्लॉस्टरशायर परगण्यांतील कोल्सबोर्न हें एल्वेस घराण्याचें उद्यान त्यांपैकींच एक. तेथें वृक्षांच्या तळाशीं पिवळे विंटर अ‍ॅकोनाइट आणि गुलाबी सायक्लमेन फुलतात; पण खरी कीर्ति आहे ती स्नोड्रॉप ह्या वीतभर उंचीच्या, मान खालीं घातलेल्या शुभ्र फुलाची.

त्याचें शास्त्रीय नांव गॅलँथस. ग्रीक भाषेंत ह्याचा अर्थ दुग्धपुष्प. बाहेरच्या तीन पाकळ्या दुधासारख्या पांढऱ्या. आंतल्या तीन आखूड, त्यांवर हिरवा ठसा. कडक थंडीनें झाड गोठून जमिनीवर लोळतें. पाहणारास वाटावें, संपलें! ऊन पडतांच तें पुन्हां ताठ होतें. वृक्षांना पालवी फुटून सावली दाट होण्यापूर्वीं मिळेल तो प्रकाश कंदांत सांठवावयाचा आणि उन्हाळा मातीखालीं निद्रेंत काढावयाचा, असा ह्याचा संसार.

हेन्री जॉन एल्वेस (१८४६–१९२२) हे वनस्पतींच्या शोधांत आपल्या सिक्कीमपर्यंत हिंडलेले गृहस्थ. १८७४ सालीं स्मर्ना, म्हणजे आजचें इझमीर, ह्या शहराजवळील डोंगरांत त्यांना मोठ्या फुलाचा स्नोड्रॉप आढळला. पुढें त्या जातीला त्यांचेंच नांव मिळालें. त्यांच्या मागें त्या संग्रहाकडे कोणाचें फारसें लक्ष राहिलें नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास तर त्यांचा भव्य वाडाही पाडण्यांत आला. कंद मात्र मातींत वाढतच राहिले! पणतू सर हेन्री एल्वेस व त्यांच्या पत्नी कॅरोलिन ह्यांनीं ते झुबके सोडवून, वेगळे करून उद्यानभर पसरविले.

ही कृति अगदीं साधी आहे. निशिगंधाचे कंद वाळवून ठेवतां येतात. हे कंद वाळले कीं बहुधा दगावतात. म्हणून फुलें ओसरतांच, पानें हिरवीं असतांनाच झुबका उपटावा, कंद सुटे करावे आणि लगेच लावावे.

ह्या फुलाच्या हौसेला दुसरीही बाजू आहे. तुर्कस्तानच्या डोंगरांतून रानटी कंद लक्षावधींनीं खणून परदेशीं धाडले गेले. अखेर १९९० सालीं ह्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. इकडे २०१५ सालीं ‘गोल्डन फ्लीस’ नांवाचा एकच कंद १,३९० पौंडांस विकला गेला.

डोंगर ओरबाडून वा थैली रिती करून बाग सजवितां येते खरी. पण कोल्सबोर्नची शोभा वाढली ती एका झुबक्याचे दहा करून. वाडा गेला, फूल राहिलें. कारण तें वांटल्यानें वाढणारें धन आहे.