काचा उघडा, घाम वाळू द्या
(रेडिओवरील भाषण)



मे महिन्यात गाडी घेऊन मुक्कामाला निघालेलं कुणी भेटलं, की मी आधी एकच विचारतो : रात्री काचा उघड्या राहणार की बंद? म्हैसमाळला जाणारे असोत, लोणारला जाणारे असोत, पार चिखलदऱ्याला निघालेले असोत, उत्तर बहुधा ठरलेलं असतं. "बंदच. एसी आहे ना! शिवाय बर्फाचा डबा घेतलाय." टपावर तंबू, डिकीत गादी, बॅटरीवर चालणारा फ्रिज, तयारी अगदी झोकात. पण माणूस ज्यानं खरोखर गार होतो, नेमकी त्याचीच वाट बंद. आजचा माझा सगळा वेळ मी या एका मुद्द्याला देणार आहे.

घरातला माठ घ्या. त्यातलं पाणी गार का होतं हे शाळेतल्या पोरालाही येतं, ते मी सांगत बसत नाही. पण माठ आपण ठेवतो कुठं? खिडकीशी, तिवईवर, चहूबाजूंनी हवा लागेल असा. माठ कपाटात ठेवून कुणी दार लावून घेत नाही. माठाला कुणी ऑइलपेंट देत नाही, कारण छिद्रं बुजली की तो पाझरणार कसा? वरून आपण ओलं फडकं गुंडाळतो. आणि तो रिकामा होऊ देत नाही. आता बघा, उन्हाळ्यात तुमचं अंग म्हणजे हाच माठ. काचा लावलेली उभी गाडी म्हणजे कपाट. अंगाला चिकटलेला नायलॉनचा टी-शर्ट म्हणजे ऑइलपेंट. मानेवरचा ओला पंचा म्हणजे फडकं. आणि सकाळपासून घोटभर पाणी न पिता गाडी हाकणारा गडी म्हणजे रिकामा माठ, तो पाझरणार तरी काय?

हिशेबच सांगतो. बर्फासारखं गार एक लिटर पाणी प्यायलात, तर ते अंगाच्या उष्णतेला येईपर्यंत सुमारे 37 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. तेच एक लिटर पाणी घाम होऊन अंगावर वाळलं, तर सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातं. पंधरापट! मग बर्फाच्या डब्यासाठी एवढी धावपळ आणि घामाला वाळायला जागा नाही, असं का? बर्फ नेऊ नका असं मी म्हणत नाही. आधी घाम वाळायची सोय करा, एवढंच म्हणतो.

आणि ही सोय आपल्याकडे फुकट आहे. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा. धुतलेला सदरा दोरीवर टाकला की हां हां म्हणता वाळतो. कोकणात हे जमत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर मे महिन्यात ओला पंचा ओलाच राहतो, तिथं सगळी भिस्त खाऱ्या वाऱ्यावर. त्यामुळे तिकडच्या लोकांच्या युक्त्या इकडे आणि इकडच्या तिकडे, असं करू नका. पण छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्याच्या वेधशाळेत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही आपली हवा तहानलेली असते, ओलं दिसलं की पिऊन टाकते. तिला द्या की थोडं पाणी!

जुन्या जीपगाड्यांच्या पुढं छागल टांगलेली असायची, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल. जाड कापडाची पिशवी, तोंडाला बूच, वर धरायला दांडा. नवी छागल आधी चांगली भिजवून घ्यावी लागे, मग धागे फुगत आणि पाणी नुसतं पाझरायला लागे. बाहेरून सदा ओली, रस्त्याची धूळ बसून तांबूस झालेली. गाडी धावू लागली की समोरचा गरम वारा तिच्यावर आदळायचा आणि आतलं पाणी गार व्हायचं. वारा गरम, पाणी गार! ना बर्फ, ना बॅटरी. आजच्या गाड्यांना पुढं दांडा नसतो हे मला कळतं, पण आरशाला बांधता येते, मुक्कामावर झाडाला टांगता येते.

आता मुक्काम. ऊन उतरलं की गाडीची चारही दारं आणि डिकी उघडून ठेवा, झोपायच्या बऱ्याच आधी. पत्र्यात साठलेली धग निघू द्या. या दिवसांत आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून डिकीचं तोंड पश्चिमेला करा. पुढच्या काचा पूर्ण खाली. वारा आत आला तर त्याला बाहेर जायलाही वाट पाहिजे, ही दुसरी वाट लोक हटकून विसरतात. मग एक जुनी सुती चादर भिजवा, ठिबकणं थांबेपर्यंत पिळा आणि डिकीच्या तोंडाशी अशी बांधा, की खाली हातभर जागा उरेल. वाळली की तांब्याभर पाणी शिंपडा. डासांसाठी काचांना मच्छरदाणीचं कापड लावा, काच लावू नका.

काचा उघडा म्हणजे दोन बोटं नव्हे. भर उन्हात गाडी उभी करून काच थोडी खाली ठेवली की झालं, असं समजून लेकरांना आत बसवणारे आईबाप आजही दिसतात. रागावून सांगतो, हे करू नका! अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हातल्या बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी चढलं, त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. काच जराशी उघडी ठेवून फरक पडला नाही. उन्हातल्या गाडीत कुणीही थांबायचं नाही. लेकरू नाही, म्हातारं माणूस नाही, कुत्रंही नाही.

आणि गाडी चालू ठेवून, काचा लावून, एसीत झोपणं? रस्त्यावर धावताना एसी लावा, माझी ना नाही. पण उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला ना रंग ना वास, झोपलेल्याला कळतसुद्धा नाही.

पंख्याबद्दल एक बारीक गोष्ट, इथं गफलत होते. हवा अंगापेक्षा गरम असेल तेव्हा कोरड्या अंगावर पंखा सोडला तर तो उलट अंग तापवतो. चाळिशीपुढच्या दुपारी नुसता वारा कामाचा नाही. आधी अंग ओलं करा, पंचा मानेवर टाका, मग वारा घ्या. नुसतं पाणी नाही, नुसता वारा नाही, दोन्ही पाहिजेत.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर हेही बोलू द्या. तुम्ही ज्या गावाजवळ थांबाल, तिथं कदाचित टँकर येत असेल. हंडे रांगेत लावून बसलेल्या बायांकडे चादर भिजवायला पाणी मागायचं नाही. घरून कॅन भरून न्या. पंचा भिजवायला पेलाभर पुरतं, तंबूवर बादल्या ओतायची काही गरज नाही.

प्यायचं पाणी मात्र मोजू नका. कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत वाळतो. "मला घामच येत नाही," असं म्हणणारा माणूस भरपूर घाम गाळून बसलेला असतो. तहान लागायची वाट पाहू नका. ताक, पन्हं, मीठ-साखरेचं पाणी, जे आवडेल ते घ्या.

जागा कुठली निवडावी? म्हैसमाळ संभाजीनगरपेक्षा साधारण 500 मीटर उंच, म्हणजे तीनेक अंशांचा फरक सहज, आणि वारा मोकळा. गौताळ्याच्या बाजूला जाणार असाल तर ते अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय मुक्काम नाही. खडकाला खेटून गाडी लावू नका, दिवसभर तापलेला काळा पाषाण रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. रस्त्याकाठच्या झाडांबद्दल मला पुष्कळ बोलायचं होतं. रुंदीकरणात जुने वड गेले, समृद्धी महामार्गावर तर मैलोन्‌मैल सावली नाही. पण समोरून वेळेची खूण होते आहे, ते राहू दे.

उरलेल्या मिनिटात सर्वांत महत्त्वाचं. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला, अंग चटका बसेल असं तापलं, तर तो उष्माघात समजा, मग अंगाला घाम असो वा नसो. डॉक्टर शोधत गाडी पळवण्याआधी त्याला सावलीत आडवा करा. कपडे सैल करा, हाताशी असेल ते सगळं पाणी अंगावर घाला आणि वारा घाला, पुठ्ठ्यानं, ताटानं, पदरानं, कशानंही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. एकानं 108 ला फोन लावावा, आणि रुग्णवाहिका दारात उभी राहीपर्यंत बाकीच्यांनी अंग ओलं ठेवणं आणि वारा घालणं थांबवू नये.