नाव, तारीख, साक्षीदार
(कार्यकर्ता मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



हुकूमशाहीत मानवी हक्कांच्या चळवळी कशा टिकतात, यावर मी पीएच.डी. करते आहे. माझा अभ्यास दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाचा. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथे लष्कराने सत्ता बळकावली. जनरल पिनोशे यांची राजवट १९९० पर्यंत चालली. माणसं घरातून उचलून नेत. घरचे विचारायला गेले, की ‘असा कोणी आमच्याकडे नाही’ असं सांगत.

सांतियागोचे कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेस यांनी १९७६ साली ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था सुरू केली. तिथे येणाऱ्या आया-बहिणींचं ऐकून घेत आणि लिहून ठेवत: नाव काय, केव्हा नेलं, कुठून नेलं, कोणी पाहिलं? त्यावरून वकील न्यायालयात अर्ज करत. हजारो अर्ज झाले, जवळजवळ सगळे फेटाळले गेले. तरी संस्थेने कागद जपले.

हे वाचताना मला प्रश्न पडायचा, हरणारे अर्ज करायचे कशाला? १९७८ च्या अखेरीस लोन्केन इथल्या चुन्याच्या जुन्या भट्टीत १५ जणांचे अवशेष सापडले. १९७३ मध्ये धरून नेलेली माणसं होती ती. ‘बेपत्ता’ या शब्दामागचं खोटं उघडं पडलं. पुढे १९९० मध्ये लोकशाही सरकारने सत्यशोधन आयोग नेमला, तेव्हा विकारियाच्या कागदपत्रांचा मोठा आधार झाला.

आता माझी एक चूक सांगते. कॉलेजात असताना मी एका पाड्यावर वनहक्क दाव्यांच्या कामात मदत करत होते. एका आजींनी शेजारच्या कुटुंबाची जुनी वहिवाट मला सांगितली. कोणत्या झाडापासून कोणत्या ओहोळापर्यंत, सगळं. वनहक्क नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. ‘पुढच्या खेपेला लिहून घेऊ,’ असं मी म्हटलं. पुढच्या खेपेला गेले, तर आजी वारल्या होत्या. त्या कुटुंबासमोर मला मान वर करवेना.

आपल्याकडे न्यायालयं आहेत, ग्रामसभा आहे. चिलीच्या त्या बायांचे अर्ज न्यायालयं फेटाळत होती, तरी त्यांनी जबाब लिहून दिले. म्हणून माझी एकच विनंती आहे. पाड्यावर जाताना वही न्या. ऐकलेलं त्याच दिवशी लिहा, सांगणाऱ्याला वाचून दाखवा आणि त्यांचा अंगठा किंवा सही घ्या.