उसाचा अंदाज आणि चुकीची किंमत

(मीरा-भाईंदर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मिठागरांसाठी ओळखल्या गेलेल्या या गावात मी ऊस हा विषय निवडला, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु या सभेत सांगली-सातारकडील मंडळी आहेत, तशीच बीडकडील आहेत. एकाच्या घरी ऊस पिकतो, तर दुसऱ्याच्या घरचे तो तोडावयास जातात. उसाचे संशोधन हा म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांचा विषय राहत नाही. त्यातील चूक कोणाच्या पदरी पडते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि आपल्या चळवळीचाही.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. उसाविषयीचे बहुतेक मूलभूत ज्ञान सार्वजनिक पैशातून निर्माण झाले आहे. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास संस्था निघाली. तेथे बार्बर आणि व्यंकटरामन यांनी लागवडीच्या उसाचा रानटी उसाशी संकर करून काटक जाती सिद्ध केल्या. १९३२ साली सातारा जिल्ह्यात पाडेगावला संशोधन केंद्र सुरू झाले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. १९७५ साली मांजरी येथे, आज वसंतदादांच्या नावाने ओळखली जाणारी, साखर संस्था स्थापन झाली. शेतकरी, कारखाना आणि प्रयोगशाळा यांची सांगड घालावी, ही त्यामागील दृष्टी होती.

आता रोगांकडे पाहू. काणी रोगात शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा बाहेर पडतो. गवताळ वाढीत उसाच्या बेटाला गवतासारखे बारीक, पांढरट फुटवे येतात आणि गाळपाजोगा ऊस तयार होत नाही. हे दोन्ही रोग मुख्यतः बेण्यातून पसरतात. बेण्यावर ५४ अंश उष्णतेच्या बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया करावी आणि मूलभूत, पायाभूत व प्रमाणित अशा तीन टप्प्यांनी शुद्ध बेणे वाढवावे, हा उपाय जुना व सर्वमान्य आहे. मग तो सर्वत्र का होत नाही? कारण दोन एकरांचा शेतकरी शेजाऱ्याचे बेणे घेऊन चार पैसे वाचवतो. त्याची बचत त्याच्यापुरती असते. रोग मात्र साऱ्या शिवाराचा होतो. जेथे एकाची काटकसर सर्वांचे नुकसान करते, तेथे उपदेश पुरत नाही, सामुदायिक व्यवस्था लागते. बेणेमळे चालविणे हे कारखान्याचे कर्तव्य आहे, ते त्याच कारणाने.

एकाच जातीवर सारा भरवसा ठेवण्याचा धोकाही आपण पाहिला आहे. उत्तर प्रदेशात को ०२३८ या जातीने एके काळी चार-पंचमांशाहून अधिक क्षेत्र व्यापले होते. पुढे लाल कूज रोगाने तिलाच ग्रासले. महाराष्ट्रात २००२ साली लोकरी मावा आला. त्यात दुष्काळाची भर पडली आणि २००२-०३ मध्ये सुमारे ६२ लाख टन असलेले राज्याचे साखर उत्पादन २००४-०५ मध्ये सुमारे २२ लाख टनांवर घसरले. मावा आटोक्यात आणण्यात औषधांच्या फवाऱ्यांपेक्षा डिफा व मायक्रोमससारख्या मित्रकीटकांचा वाटा मोठा होता, हे विसरू नये. आजही आपल्याकडे को ८६०३२ या एका जातीचे मोठे प्राबल्य आहे. इतिहासाचा हा इशारा आपण घेणार की नाही?

आता उत्पादनाचा अंदाज. त्याचे गणित वरवर सोपे आहे. एकरात ४० हजार गाळपयोग्य ऊस आणि प्रत्येकाचे वजन एक किलो, तर एकरी ४० टन. पण वजन पाव किलोने चुकले, की एकरी १० टनांचा फरक पडतो. शिवाय लागण आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, खोडवा किती, ऑगस्टात पाऊस ओढ देतो की काय, यावर ते वजन ठरते.

मागील काही हंगाम पाहा. २०२१-२२ साठी ११२ लाख टन साखरेचा अंदाज होता. झाली १३७ लाख टन. पुढच्या वर्षी १३८ लाखांचा अंदाज केला. हाती १०५ लाख आली. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, म्हणून ९० लाखांच्या आतबाहेरचे आकडे सांगितले गेले. प्रत्यक्षात सुमारे ११० लाख टन झाली.

निसर्गापुढे अंदाज चुकणारच, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न चुकीच्या किंमतीचा आहे. २०२२ साली मराठवाड्यात ऊस जूनपर्यंत उभा राहिला. त्याचे वजन व उतारा घटला आणि शेतकरी कारखान्यांचे उंबरे झिजवीत राहिला. त्याच उन्हात तोडणी मजूर, त्यांच्या बायका आणि मुले फडात राबत होती. त्यांचा हंगाम लांबला, उचल मात्र आधीच ठरलेली होती. ७ डिसेंबर २०२३ रोजी, साखर कमी पडेल या भीतीने, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवड्यातच ती अंशतः शिथिल करावी लागली. आकडा चुकला कार्यालयात, भार पडला बांधावर आणि पालात.

आज उपग्रहाची छायाचित्रे आहेत आणि बारामतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालले आहेत. राज्य सरकारने २०२५ साली त्यासाठी स्वतंत्र धोरणही आणले. या साधनांना विरोध करणे शहाणपणाचे नाही. परंतु शेतकऱ्याच्या शेतातून गोळा झालेली माहिती कोणाची, हे आधी ठरले पाहिजे. ती कंपनीच्या कपाटात गेली, तर दरवाटाघाटीत शेतकरी आंधळा आणि समोरचा डोळस, अशी स्थिती होईल.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या गावोगाव न्याव्यात. हंगामापूर्वी प्रत्येक कारखान्याने नोंदलेले क्षेत्र, जातवार लागण आणि उत्पादनाचा अंदाज ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. प्रत्येक कारखान्याने बेणेमळा चालवून लहान शेतकऱ्याला परवडणाऱ्या दरात शुद्ध बेणे द्यावे. आणि अंदाज चुकून हंगाम लांबला, तर उभ्या उसाची घट तसेच मजुरांच्या वाढीव दिवसांची भरपाई कशी द्यायची, हे आधीच लेखी ठरावे.

१९५० साली प्रवरेच्या माळावर शेतकऱ्याचा पैसा आणि अर्थशास्त्रज्ञाचा अभ्यास एकत्र आला होता. त्या वेळी तोडणी मजूर मात्र हिशेबाबाहेर राहिला. तो हिशेब पुरा करण्याचे काम आपले आहे. येत्या गळीत हंगामापूर्वी आपापल्या गावच्या कारखान्याकडे हा अंदाज लेखी मागा, एवढेच आज सांगतो.